नळीतला सव्वा मिलीसेकंद: काडतुसाचं गणित स्प्रेडशीटवर मांडताना

रायफलची पिन काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या भागावर, आपटल्यापासून गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत एक ते दीड मिलीसेकंद जातो. तेवढ्यात टोपी फुटते, बंदुकीची दारू पेटते, दाब समुद्रसपाटीच्या हवेच्या चार हजार पटींवर जातो आणि दहा-अकरा ग्रामचा तुकडा ताशी तीन हजार किलोमीटरच्या आसपास वेग घेतो. हे सगळं स्प्रेडशीटच्या तेराशे-चौदाशे ओळींत बसवता येतं. बसवल्यावर एक नवल कळतं: ज्या गोष्टी आपण तराजूवर घालून जिवाचा आटापिटा करत मोजतो, त्यांचा गोळीच्या वेगातल्या चढउताराशी फारच थोडा संबंध असतो. ते कसं, हे स्वतःच्या आकड्यांनी पडताळून पाहायचं असेल त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. हाताने काडतुसं भरण्याचा छंद अमेरिकेत आणि युरोपच्या बऱ्याच भागांत घराघरात चालतो. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, विनापरवाना बनवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे वरळीच्या रेंजवर .२२ रायफल चालवणाऱ्या माझ्यासारख्याने घरी काडतूस भरण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय .२२ चं रिमफायर काडतूस (ज्यात वेगळी टोपी नसते, ठिणगीचा मसाला बुडाच्या काठातच असतो) पुन्हा भरण्यासाठी बनलेलंच नसतं. आपण फक्त गणित करणार आहोत. खाली येणारे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, भरण्यासाठी नाहीत. दारूचं नावही मी मुद्दामच दिलेलं नाही.

(रात्री अकराला मी स्क्रीनसमोर बसलो की आई विचारते, "दारूचा हिशेब अजून संपला नाही का तुझा?" शेजारच्या काकूंनी हे एकदाच ऐकलं, तेव्हापासून त्या माझ्याकडे काळजीने बघतात. मराठीत त्या पावडरीला दारूच म्हणतात, त्याला माझा इलाज नाही.)

आधी मापं एका जागी आणा

या विषयातलं निम्मं साहित्य अमेरिकन आहे आणि त्यात वजन ग्रेनमध्ये असतं. १ ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्राम. मुंबईच्या माणसाने हे एकदा तोळ्यावरून लक्षात ठेवलं की विसरत नाही: इंग्रजांनी ठरवलेला तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता, म्हणजे ११.६६ ग्राम. झवेरी बाजारात आता तोळा म्हणजे सरळ १० ग्राम धरतात, ते वेगळं. त्या जुन्या तोळ्यात ९६ गुंजा, म्हणून एक गुंज म्हणजे पावणेदोन ग्रेनला थोडी जास्त. .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाची नेहमीची १६८ ग्रेनची गोळी १०.८९ ग्रामची भरते, तोळ्याला जरा कमी. परदेशातले हौशी लोक दारू ०.१ ग्रेनपर्यंत तोलतात. म्हणजे साधारण एका गुंजेचा एकोणिसावा भाग.

स्प्रेडशीटच्या पहिल्या पानावर सगळी मापं मीटर, किलोग्राम, सेकंद आणि पास्कलमध्येच लिहा. घनसेंटिमीटरचा घनमीटर करताना दहा लाखाने भागायचं असतं. मी पहिल्या रात्री ते विसरलो, नळीत दाबच तयार होईना. मग दोन तास मी दारूच्या ज्वलनाचं सूत्र तपासत बसलो, चूक होती दुसऱ्याच रकान्यात.

हिशेबासाठी हे आकडे धरा. गोळी १०.८९ ग्राम. दारू २.८ ग्राम. गोळी बसल्यावर पुंगळीत (काडतुसाच्या पितळी कवचात) उरलेली जागा ३.२ घनसेंटिमीटर. नळीच्या छेदाचं क्षेत्रफळ ४६.८ चौरस मिलिमीटर, आटे (नळीच्या आतले पिळदार चर) आणि त्यांच्यातली उंच जागा यांची सरासरी धरून. गोळीचा नळीतला प्रवास ५५५ मिलिमीटर, कारण २४ इंची नळीतला मागचा भाग पुंगळीनेच व्यापलेला असतो. तोंडाशी अपेक्षित वेग सेकंदाला ८०८ मीटर. आणि युरोपातल्या सी.आय.पी. संस्थेने .३०८ ला घालून दिलेली दाबाची कमाल मर्यादा ४१५ मेगापास्कल.

पानभर सूत्रं मांडण्याआधी एक साधा भागाकार करा. तोंडाशी गोळीची गतिज ऊर्जा येते सुमारे ३,५५५ ज्यूल. तिला क्षेत्रफळ गुणिले प्रवास याने भागलं की सरासरी दाब मिळतो, १३७ मेगापास्कल. कमाल दाब ४०० च्या घरात आणि सरासरी १३७, म्हणजे दाबाचा आलेख सुरुवातीला सुळक्यासारखा चढतो आणि मग लांब उतरण लागते, हे एकही समीकरण न सोडवता समजलं. आता दारूकडून बघा. अशा दारूच्या एका ग्राममध्ये साडेतीन-चार किलोज्यूल ऊर्जा असते. २.८ ग्राममध्ये साधारण दहा-अकरा किलोज्यूल धरली, तर गोळीच्या वाट्याला आली जेमतेम एक तृतीयांश. बाकीची गरम वायूबरोबर तोंडातून निघून जाते, नळी तापवते, घर्षणात जाते. तुमचं मॉडेल पुढे कधी गोळीला साठ टक्के ऊर्जा देऊ लागलं तर लगेच थांबा, कुठेतरी गडबड आहे.

चार समीकरणं, पाच रकाने

अंतर्गत प्रक्षेपिकीचा, म्हणजे नळीच्या आत गोळीचं काय होतं या शास्त्राचा, पाया एकोणिसाव्या शतकातला आहे. फ्रान्सच्या पॉल व्हिएईने १८८४ मध्ये धूर न करणारी दारू तयार केली आणि पुढे तिच्या ज्वलनाचा नियम मांडला: दाण्याचा पृष्ठभाग आत जळत जाण्याचा वेग दाबाच्या एका घातांकावर ठरतो. तो घातांक रायफलच्या दाबांना १ च्या जवळपास असतो, म्हणून नवशिक्याने सरळ १ धरावा. ब्रिटनच्या अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबेल यांनी दाट वायूचं समीकरण दिलं. आदर्श वायूचंच ते, फक्त रेणूंनी स्वतः अडवलेली जागा वजा करायची. फ्रान्सच्याच रेझालने ऊर्जेचा ताळेबंद लिहिला. चौथं समीकरण न्यूटनचं, बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण.

आता एक ओळ म्हणजे एक मायक्रोसेकंद. रकाने पाच: जळालेला अंश, गोळीचा वेग, गोळीचं अंतर, मोकळी जागा, दाब.

जळालेला अंश: आधीच्या ओळीतला अंश, अधिक ज्वलनगुणांक गुणिले आधीचा दाब गुणिले काळाचा तुकडा. अंश १ झाला की थांबवा. ज्वलनगुणांकाची सुरुवात दर मेगापास्कल-मिलीसेकंदाला ०.००६ पासून करा. हा आकडा हवेतून काढलेला नाही. गोळीला आणि तिच्यामागून धावणाऱ्या वायूला (दारूचा एक तृतीयांश धरून) मिळालेल्या संवेगाला क्षेत्रफळाने भागलं की दाबाच्या आलेखाखालचं एकूण क्षेत्र मिळतं, ते येतं सुमारे २०४ मेगापास्कल-मिलीसेकंद. दारू नळीच्या आतच जळून संपायला हवी, म्हणून गुणांकाचा व्यस्त २०४ पेक्षा कमी असायला हवा. ०.००६ चा व्यस्त १६७.

वेग: आधीचा वेग, अधिक दाब गुणिले क्षेत्रफळ गुणिले काळ, भागिले वस्तुमान. इथे वस्तुमानात गोळीबरोबर दारूचा एक तृतीयांश मिळवायचा, कारण गोळीमागून वायूही धावत असतो आणि त्यालाही ढकलावं लागतं. म्हणून १०.८९ ऐवजी ११.८ ग्राम. हा लाग्रांजचा अंदाज. शंभर पानांची उपपत्ती वाचायची नसेल तर एवढ्यावर काम भागतं.

अंतर: सांगायची गरज नाही.

मोकळी जागा: पुंगळीतली जागा, वजा न जळालेल्या दारूचं घन आकारमान (घनता १.६ धरा), वजा जळून झालेल्या वायूच्या रेणूंची जागा (दर ग्रामला साधारण १ घनसेंटिमीटर), अधिक गोळीने मागे सोडलेली नळी.

दाब: दारूचं बळ गुणिले जळालेलं वस्तुमान, त्यातून गतिज ऊर्जेचा पाव भाग वजा करा आणि सगळ्याला मोकळ्या जागेने भागा. बळ म्हणजे एक किलो दारूच्या वायूची काम करण्याची क्षमता, सुरुवातीला दर किलोला १० लाख ज्यूल. आणि पाव भाग अशासाठी की वायू ढकलताना थंड होतो. त्याच्या दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर १.२५ धरलंय, त्यातला १ वजा केला की उरतो पाव.

पहिल्या ओळीत दाब शून्य ठेवू नका. शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच, दारू जन्मात पेटणार नाही आणि तेराशे ओळी शून्यच दाखवतील. खऱ्या काडतुसात हे काम टोपी करते. पहिल्या ओळीत २५ मेगापास्कल टाका, आणि दाब तिथवर पोचेपर्यंत गोळी आट्यांत शिरलेली नाही असं समजा.

या सगळ्यात एक गुंता आहे, विषयाची मजा आणि धोका दोन्ही त्यात आहेत. दाब वाढला की दारू जलद जळते, जलद जळली की दाब आणखी वाढतो. याला लगाम एकच: गोळी पुढे सरकते आणि जागा वाढते. कमाल दाब येतो तेव्हा गोळी नळीत काही सेंटिमीटरच गेलेली असते. तिच्यावरचं बल जवळपास दोन टन वजनाइतकं आणि त्वरण गुरुत्वाच्या दीड लाख पटींच्या वर. म्हणून दारू एक टक्का वाढवली की वेग टक्क्यापेक्षा कमीच वाढतो, दाब मात्र त्याच्या दुपटी-तिपटीने उसळतो.

मॉडेल खोटं बोलतं तेव्हा

वरचे आकडे जसेच्या तसे घातले तर कमाल दाब ४०० मेगापास्कलच्या वर येतो, ठीकठाक. वेग मात्र ९०० च्या वर जातो. खरा वेग ८०८. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा वाटलं पुन्हा मापांचा घोळ, पण हिशेब बरोबर होता. नळीच्या भिंतींनी शोषलेली उष्णता आणि घर्षण आपण धरलेलंच नाही, आणि लहान व्यासाच्या नळीत हा तोटा मोठा असतो. काटेकोर माणूस उष्णतावहनाचं वेगळं समीकरण लिहील. आपण दारूचं बळ पंधरा-वीस टक्क्यांनी खाली आणायचं आणि पुढे जायचं.

आता हातात दोन खुंट्या आल्या, बळ आणि ज्वलनगुणांक. जुळवायच्या गोष्टीही दोनच, कमाल दाब आणि वेग. सतार लावतात तसं आलटून पालटून पिळत बसा, पाच-सहा फेऱ्यांत जुळतं. क्विकलोडसारखी तयार सॉफ्टवेअर आत थोड्याफार फरकाने हेच करतात, त्यांच्याकडे शेकडो दारूंचे गुणांक साठवलेले असतात एवढंच. पण माझं मत असं की पहिलं मॉडेल स्वतःच लिहावं. तयार डब्यातून आलेल्या आकड्यावर माणूस फार लवकर विश्वास ठेवतो.

दोन खुंट्या पिळून दोन आकडे जुळवले याचा अर्थ मॉडेल "बरोबर" झालं असा होत नाही. दुसऱ्या वजनाची गोळी घालून बघा आणि येणारा वेग कारखान्यांच्या छापील तक्त्यांशी ताडा. तिथे दोन टक्क्यांच्या आत राहिलं तर चढउतार तपासण्याइतकं ते चांगलं आहे. कमाल भार ठरवण्याइतकं चांगलं ते कधीच नसतं, ते काम दाबमापक बसवलेल्या नळीचं. पुण्याजवळ खडकीत आणि जळगाव जिल्ह्यात वरणगावला दारूगोळ्याचे कारखाने आहेत. तसल्या ठिकाणी प्रत्येक लॉटमधली काडतुसं अशा नळीतून तपासावी लागतात ती उगाच नाही.

एकेक खुंटी एक टक्का

आता खरं काम. प्रत्येक घटक एकेकटा एक टक्का वाढवा आणि वेग किती टक्के हलला ते लिहा. माझ्या मॉडेलात दारू एक टक्का वाढली की वेग साधारण ०.८ टक्के वाढतो. पुंगळीतली जागा एक टक्का वाढली की वेग पाव टक्का घटतो. गोळी एक टक्का जड झाली की वेग ०.३५ टक्के घटतो. तुमचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, चालेल.

हा छोटा तक्ता हाती आला की तेराशे ओळी पुन्हा पुन्हा चालवायची गरज उरत नाही. आता चांगल्या, काळजीने भरलेल्या काडतुसांचं उदाहरण घ्या.

दारू तोलताना प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) ०.०५ ग्रेन धरू. २.८ ग्राम म्हणजे ४३.२ ग्रेन, त्यात ०.०५ म्हणजे ०.१२ टक्के, गुणिले ०.८, गुणिले ८०८. उत्तर सेकंदाला ०.७५ मीटर.

पुंगळ्यांच्या वजनात १ ग्रेनचं विचलन धरू. लोक पुंगळ्या तोलून वेगवेगळ्या डब्यांत घालतात, कारण जड पुंगळीत पितळ जास्त, म्हणजे आत जागा कमी. पण १ ग्रेन पितळ म्हणजे किती जागा? ६४.८ मिलिग्राम भागिले साडेआठ, साधारण साडेसात घनमिलिमीटर. गोळी बसण्याआधीच्या पुंगळीच्या एकूण ३.६ घनसेंटिमीटर जागेत हे ०.२ टक्के. गुणिले पाव, गुणिले ८०८: उत्तर ०.४ मीटर.

गोळीच्या वजनात ०.१ ग्रेनचं विचलन: ०.१७ मीटर. सोडून द्या.

स्वतंत्र चढउतारांची सरळ बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची होते. ०.५६ अधिक ०.१६ अधिक ०.०३ म्हणजे ०.७५. वर्गमूळ सुमारे ०.८७. म्हणजे तराजूवर मोजता येणाऱ्या सगळ्या गोष्टी मिळून वेगात सेकंदाला ०.८७ मीटरचं विचलन आणतात.

प्रत्यक्षात चांगल्या हातभरणीच्या काडतुसांचं विचलन ३ मीटरच्या आसपास दिसतं. त्याचा वर्ग ९. नवातले पाऊण आपण समजावून सांगू शकलो, बारावा हिस्सा. उरलेले सव्वाआठ कुठून आले? टोपीच्या ठिणगीतला फरक, पुंगळीत दारू पुढे सरकलीय की मागे, पुंगळीच्या मानेने गोळीला किती घट्ट धरलंय, आट्यांत शिरताना किती अडलं, नळी किती तापलीय. यातलं काहीच झवेरी बाजारातल्या तराजूवर चढत नाही.

समजा तुम्ही महागडा तराजू आणला आणि दारूतला फरक पार शून्यावर आणला. ९ मधून ०.५६ गेले, उरले ८.४४, वर्गमूळ २.९. तीनाचं दोन पूर्णांक नऊ झालं! आणि ही सुधारणा खरोखर झाली की नाही हे वेगमापकावर खात्रीने दिसायला दोन्ही बाजूंनी जवळपास चार-चार हजार गोळ्या झाडाव्या लागतील. तेवढ्यात नळीच झिजून बदलायला येईल.

पाच गोळ्यांनी काही कळत नाही

हा भाग मी सगळ्यांत लांबवणार आहे, कारण नवशिके इथेच फसतात आणि जुने लोक इथेच बढाया मारतात.

तुम्ही पाच गोळ्या झाडल्या आणि वेगमापकाने विचलन ३ दाखवलं. खरं विचलन किती? संख्याशास्त्राचं उत्तर: ९५ टक्के भरवशाने १.८ ते ८.६ यांच्या मध्ये कुठेतरी. पाच नमुन्यांच्या विचलनाला ०.६ आणि २.८७ ने गुणलं की ही कक्षा मिळते. दहा गोळ्यांना गुणक ०.६९ आणि १.८३. वीस गोळ्यांना ०.७६ आणि १.४६. तीस गोळ्या झाडल्या तरी २.४ ते ४.० एवढी पोकळी राहतेच.

मुंबईकराला हे वेगळं समजवायला नको. डोंबिवलीहून सुटणारी तुमची नेहमीची लोकल सलग पाच दिवस वेळेवर आली, म्हणून कुणी ती "वेळेवर येणारी गाडी" आहे असं म्हणत नाही. महिनाभर बघतो, पावसाळ्यात बघतो, मग बोलतो. काडतुसांच्या बाबतीत मात्र तोच माणूस पाच गोळ्यांचा कागद खिशात घालून वर्षभर दाखवत हिंडतो.

सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद गोळीतला फरक सांगणं तर आणखी फसवं, कारण तो गोळ्यांच्या संख्येबरोबर वाढतच जातो. विचलन तेच असलं तरी हा फरक सरासरीने तीन गोळ्यांत विचलनाच्या १.७ पट, पाच गोळ्यांत २.३ पट, दहांत ३.१ पट, विसांत ३.७ पट येतो. म्हणून तीन गोळ्या झाडणाऱ्याची काडतुसं नेहमी जास्त एकसारखी "दिसतात".

स्प्रेडशीटवर हे डोळ्यांनी पाहा. एक्सेलमध्ये नॉर्म डॉट इन्व्ह या फंक्शनला रँड, सरासरी ८०८ आणि विचलन ३ द्या. पाच-पाच आकड्यांचे वीस गट करा, प्रत्येकाचं विचलन काढा आणि एफ-नाइन दाबत राहा. एखाद्या गटाचं विचलन १ च्या खाली येईल, कुणाचं ५ च्या वर जाईल. सगळे गट मात्र एकाच डब्यातले आहेत! मी हे माझ्या भाचीला दाखवलं. ती नुकतीच दहा मीटर एअर रायफल शिकायला लागलीय. दहा मिनिटं एफ-नाइन दाबून ती म्हणाली, "मामा, मग तू गेल्या महिन्यात कशावरून म्हणालास की हा लॉट चांगला?" मी गेल्या महिन्यात पाचच गोळ्या झाडल्या होत्या.

वेगमापक, ट्यूबलाइट आणि मे महिना

मॉडेल आणि प्रत्यक्ष यांच्यामध्ये मापक असतो, आणि त्याची स्वतःची चूक असते. प्रकाशावर चालणाऱ्या मापकाच्या दोन खिडक्यांत ६० सेंटिमीटर अंतर असेल तर ८०८ मीटरने जाणारी गोळी ते ७४३ मायक्रोसेकंदांत कापते. खिडक्या बसवताना अंतर १ मिलिमीटरने चुकलं तर सगळेच वेग १.३ मीटरने सरकतात. सरासरी चुकते, विचलन तसंच राहतं. मापकाचा स्वतःचा थरथराट १ मीटर असेल तर तो वर्गातून वजा करायचा: ९ उणे १, वर्गमूळ २.८.

एका बंदिस्त रेंजवर माझ्या मापकाने एकदा .२२ चा वेग सेकंदाला ३२६, ३२९, ३२४ आणि मग एकदम ५१२ मीटर दाखवला. मी काडतुसाच्या डब्याकडे संशयाने बघू लागलो. शेजारच्या लेनवरचे काका शांतपणे म्हणाले, "अहो, वर बघा." ट्यूबलाइट लुकलुकत होती. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरच्या साध्या ट्यूब सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतात आणि मापकाच्या डोळ्याला ती सावलीच वाटते. तेव्हापासून मी मापकाच्या वर बॅटरीवर चालणारा दिवा ठेवतो. असा विचित्र आकडा आला तर तो खोडू नका, बाजूला कारण लिहून ठेवा. नावडते आकडे खोडायची सवय लागली की विचलन आपोआप सुंदर दिसायला लागतं.

मग तापमान. दारू गरम असेल तर जलद जळते. जुन्या धाटणीच्या दारूत वेग दर अंश सेल्सियसला अर्ध्या मीटरच्या आसपास सरकू शकतो, काही नव्या दारू यापेक्षा बऱ्याच स्थिर असतात. मुंबईत जानेवारीच्या सकाळी १८ अंश आणि मेच्या दुपारी ३४, म्हणजे ८ मीटरचा फरक. आता गंमत बघा. जानेवारीच्या वीस आणि मेच्या वीस गोळ्या एकाच रकान्यात टाकून विचलन काढलं तर? दोन्ही दिवशी विचलन ३, सरासऱ्या ८ ने लांब, म्हणजे मध्यापासून चार-चार. तीनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा, बेरीज पंचवीस, वर्गमूळ पाच. काडतुसं तीच, विचलन तीनाचं पाच झालं, तेही फक्त दोन दिवस एकत्र केल्यामुळे. म्हणून प्रत्येक दिवस वेगळा रकाना, तापमानाची नोंद वर. पावसाळ्यात दमटपणाही लिहा. उघड्या डब्यातली दारू ओल धरते आणि मंद जळते.

निशाण्यावर किती?

इतकं सगळं करून शेवटी कागदावर काय फरक पडतो? ३०० मीटरवर १६८ ग्रेनची गोळी साधारण ०.४२ सेकंदांत पोचते आणि तोवर सुमारे ८५ सेंटिमीटर खाली येते. खाली येण्याचं प्रमाण वेगाच्या वर्गाच्या व्यस्तात, म्हणून सेकंदाला १ मीटर वेग कमी झाला की निशाण्यावर २ मिलिमीटर खाली. विचलन ३ असेल तर उभ्या दिशेने ६ मिलिमीटर. आणि ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटर व्यासाचं! म्हणजे तिथे वेगातला हा फरक नगण्य. तो जाणवायला लागतो आठशे-नऊशे मीटरच्या पुढे.

आता आपल्या .२२ चं बघा. वेग ३२७ मीटर, ५० मीटर गाठायला जवळपास ०.१६ सेकंद, घसरण १२ सेंटिमीटर. सेकंदाला १ मीटर फरक म्हणजे निशाण्यावर ०.७५ मिलिमीटर. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर आणि वर्तुळावर्तुळांतलं अंतर ८ मिलिमीटर, म्हणजे दशांश गुणातला प्रत्येक ०.१ हा ०.८ मिलिमीटरचा. थोडक्यात वेगातला एक मीटर म्हणजे एक दशांश. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला याच ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांवर कांस्य मिळवलं, त्या अंतिम फेरीत प्रत्येक गोळीचा दशांश मोजला जातो. ज्या काडतुसात आपण काहीच बदलू शकत नाही, वेगाचा चढउतार तिथेच जास्त बोचतो. म्हणून वरच्या पातळीचे नेमबाज एली आणि लापुआ या काडतूस कंपन्यांपैकी एलीच्या बर्मिंगहॅमच्या किंवा लापुआच्या जर्मनीतल्या चाचणी केंद्रात स्वतःची नळी घेऊन जातात आणि एकेक लॉट तिच्यातून झाडून मगच विकत घेतात. (नळीच्या तोंडाची थरथर वेगातला फरक थोडाफार गिळून टाकते, ती भानगड आज नको.)

आता तुमचं पहिलं काम. एका लॉटच्या वीस गोळ्या, एकाच सकाळी, सलग, पहिल्या तीन नळी गरम करायला वेगळ्या. मापकावरचा प्रत्येक आकडा, तापमान, वेळ आणि कागदावरची उभी जागा मिलिमीटरमध्ये लिहा. घरी येऊन वेग आडव्या अक्षावर आणि उभी जागा उभ्या अक्षावर ठेवून वीस ठिपके मांडा. दर मीटरला ०.७५ मिलिमीटर चढणारी रेघ त्यांतून ओढा. ठिपके रेघेभोवती जमले तर दोष काडतुसाकडे. माझे पहिले वीस ठिपके रेघेला न जुमानता ताटातल्या पोह्यांसारखे पसरले होते. वेगाचं विचलन होतं २.९, आणि माझ्या श्वासाचं बहुधा त्याच्या तिप्पट.